रिक्षाच्या भाड्यापासून कोकण रेल्वेपर्यंत: आलेख काढायचा कसा आणि वाचायचा कसा

अंतर वाढलं की भाडं वाढतं, युनिट वाढले की बिल वाढतं, गाडीचा वेग वाढवला की प्रवासाचा वेळ कमी होतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नुसतं "वाढतं" किंवा "कमी होतं" म्हणून भागत नाही. किती वाढतं? शेवटपर्यंत त्याच दराने वाढतं, की आधी भरभर आणि नंतर हळूहळू? शून्यापासून सुरुवात होते, की काही न वापरताही काही रक्कम पदरी पडलेलीच असते? या तीन प्रश्नांची उत्तरं आकड्यांच्या तक्त्यातही असतात, पण तिथून ती शोधून काढावी लागतात. आलेखात ती समोर दिसतात.

शाळेत आपण आलेख काढतो, बिंदू ठेवतो, रेषा ओढतो, गुण मिळतात आणि विषय संपतो. मग हातात राहते ती फक्त बिंदू ठेवण्याची रीत. रेषेचा आकार काय सांगतो, हे वाचायचं राहूनच जातं. खरी गंमत आणि खरा उपयोग तिथेच आहे, म्हणून या लेखात काढण्याइतकाच वेळ वाचण्यावर घालवणार आहोत.

लागणारं साहित्य थोडं आहे: आलेख कागद (एका सेंटिमीटरमध्ये दहा बारीक घरं असलेला), टोक केलेली पेन्सिल, शक्यतो पारदर्शक पट्टी. संगणकावर आलेख झटकन होतो, पण पहिले चार-पाच तरी हाताने काढा असा माझा आग्रह आहे. प्रमाण स्वतः ठरवल्याशिवाय प्रमाण चुकलं की काय होतं हे कळत नाही.

पहिलं उदाहरण: रिक्षाचं भाडं

मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं. ते पहिल्या १.५ किलोमीटरसाठी. त्यापुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. हे दर घेऊन सुरुवात करू.

सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायचा: कोण कोणावर अवलंबून आहे? अंतर आपण ठरवतो, भाडं त्याच्या मागोमाग येतं. जी राशी आपण ठरवतो, किंवा जी आपोआप पुढे जात राहते (उदाहरणार्थ वेळ), ती आडव्या अक्षावर. जी तिच्यामुळे बदलते ती उभ्या अक्षावर. हा संकेत मोडला तर आलेख चुकीचा ठरतो असं नाही, पण वाचणाऱ्याला चढाचा अर्थ उलटा लावावा लागतो. म्हणून अंतर आडवं, भाडं उभं.

आता तक्ता. पूर्ण रुपयांत मांडलेलं भाडं असं येतं:

अंतर १ किमी: २६ रुपये
१.५ किमी: २६
२ किमी: ३४
३ किमी: ५१
४ किमी: ६९
५ किमी: ८६
८ किमी: १३७
१० किमी: १७१

या तक्त्यात अंतरं सारख्या टप्प्यांनी घेतलेली नाहीत. सुरुवातीला जवळजवळ घेतली आहेत, कारण तिथे नियम बदलतो. पुढे सगळं एकसारखं चालतं, तिथे दोन-तीन बिंदू पुरतात. जिथे काही घडत असेल तिथे जास्त नोंदी, हे प्रत्येक आलेखाला लागू आहे.

पुढची पायरी प्रमाण ठरवण्याची, आणि नवशिक्यांची सर्वात जास्त गडबड होते ती इथेच. आधी दोन्ही राशींची सर्वात मोठी किंमत बघा: इथे १० किमी आणि १७१ रुपये. कागद साधारण १८ सेमी रुंद आणि २४ सेमी उंच धरू. आडव्या अक्षावर १ सेमी = १ किमी घेतलं तर १० सेमी लागतील. उभ्या अक्षावर १ सेमी = १० रुपये घेतलं तर १७ सेमी आणि वर थोडं. दोन्ही कागदात बसतात आणि कागद बऱ्यापैकी भरतोही. आलेख कोपऱ्यात चिमुकला काढला तर बारकावे दिसत नाहीत.

१ सेमीला १, २, ५, १० किंवा त्यांच्या दसपटी, एवढीच प्रमाणं वापरा. १ सेमी = ३ रुपये किंवा ७ रुपये घेतलंत तर प्रत्येक बिंदूला भागाकार करत बसावं लागतं. आपल्या प्रमाणात एक बारीक घर म्हणजे बरोबर एक रुपया, आणि आडवं एक घर म्हणजे १०० मीटर. ५१ रुपये म्हणजे पाच मोठी घरं आणि एक बारीक घर, डोक्यात हिशेबच नको.

आता आडवी आणि उभी रेषा काढून जिथे मिळतात तिथे शून्य लिहा. हा आरंभबिंदू. दोन्ही अक्षांवर राशीचं नाव आणि एकक लिहा: "अंतर (किमी)", "भाडं (रुपये)". वरच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहा. एकक न लिहिलेला आलेख दुसऱ्याला दाखवू नये असं मी ठामपणे म्हणेन, कारण आठवड्याने तो आपल्यालाही कळत नाही.

बिंदू ठेवताना आधी आडवं चालायचं, मग उभं चढायचं. ३ किमीपर्यंत उजवीकडे, तिथून ५१ रुपयांपर्यंत वर, आणि तिथे बारीक ठिपका देऊन भोवती छोटं वर्तुळ. नुसता ठिपका रेषेखाली हरवतो आणि जाड ठिपक्याचा मध्य नेमका कुठे ते कळत नाही.

सगळे बिंदू ठेवल्यावर थांबा, लगेच पट्टी लावू नका. बिंदूंकडे बघा. पहिले दोन एकाच उंचीवर आहेत, म्हणजे तिथे रेषा आडवी. १.५ किमीनंतरचे सगळे एका तिरक्या सरळ रेषेत. म्हणजे हा आलेख दोन तुकड्यांचा आहे. आधी आडवा तुकडा काढा, मग पट्टी लावून तिरका.

रेषा काय सांगते

आता वाचन. तिरक्या रेषेवरचे एकमेकांपासून लांबचे दोन बिंदू घ्या: (२, ३४) आणि (१०, १७१). भाड्यातला फरक १३७ रुपये, अंतरातला फरक ८ किमी. १३७ भागिले ८ म्हणजे १७.१२. दर किलोमीटरचा दर १७.१४ होता, भाडी पूर्ण रुपयांत घेतल्यामुळे किंचित फरक पडला. रेषेचा चढ म्हणजे दर. दहावीच्या भूमितीत जो "रेषेचा चढ" येतो तो हाच, फक्त इथे त्याला एकक आहे: रुपये प्रति किलोमीटर.

दुसरी गोष्ट. पट्टी तिरक्या रेषेवर तशीच ठेवा आणि रेषा तुटक करत डावीकडे खाली न्या. ती जवळजवळ आरंभबिंदूतून जाते. का? १.५ ला १७.१४ ने गुणा, २५.७१ येतात. म्हणजे २६ रुपये ही काही वेगळी आकारणी नाही, तो त्याच दराने दीड किलोमीटरचा पैसा आहे. रिक्षात बसलात की किमान दीड किलोमीटर गेलात असं धरलं जातं, एवढाच त्याचा अर्थ. दरपत्रकात २६ आणि १७.१४ हे दोन वेगळे आकडे वाटतात. आलेखावर ते एकाच रेषेवर येऊन बसतात.

दोन राशींची रेषा सरळ असेल आणि आरंभबिंदूतून जात असेल तर त्यांच्यात समचलन आहे: एक दुप्पट केली की दुसरी दुप्पट. दोन्ही अटी लागतात. सरळ रेषा दिसली की लगेच समचलन म्हणू नका, ती कुठून निघते तेही बघा.

आता त्याच कागदावर काळ्या-पिवळ्या टॅक्सीची रेषा काढा. त्याच दिवसापासूनचे दर: पहिल्या १.५ किमीला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. ही रेषा जास्त उभी आहे. २ किमीला दोन्हींत ७ रुपयांचा फरक, ५ किमीला १७, १० किमीला ३६. दोन रेषांमधली फट रुंदावत जाते. चढ वेगळे असले की असंच होतं.

पण खरा प्रवासी विचारतो, "माझ्या वाटणीला किती?" रिक्षात तिघं बसतात, टॅक्सीत चौघं. १० किमीला रिक्षाचे १७१ तिघांत वाटले तर ५७ रुपये, टॅक्सीचे २०७ चौघांत वाटले तर सुमारे ५२. दोन्ही वाहनं भरलेली असतील तर माणशी भाड्याच्या आलेखात टॅक्सीची रेषा खाली जाते! (हा प्रश्न उपनगरांतच पडतो, वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही.) म्हणून उभ्या अक्षावर काय मांडायचं हा निर्णय यांत्रिकपणे घेऊ नये. आपल्याला ज्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे तीच राशी तिथे हवी.

प्रत्यक्ष नोंदी रेषेवर बसत नाहीत तेव्हा

आतापर्यंतचे बिंदू दरपत्रकातून आले, म्हणून ते शिस्तीत उभे राहिले. तुम्ही स्वतःच्या प्रवासांच्या नोंदी ठेवल्या, म्हणजे फोनवरच्या नकाशातून अंतर आणि मीटरवरून भाडं, तर बिंदू इकडेतिकडे होतील. त्यांना एकामागून एक जोडून करवतीसारखी रेषा काढू नका. बिंदू मांडा आणि दरपत्रकाची रेषा त्यांच्यावरून न्या. मग बघा कोणते बिंदू रेषेपासून सुटलेत आणि कसे सुटलेत.

काही बिंदू रेषेवर आणि काही बरेच वर असतील, तर कारण बहुधा वाहतुकीची कोंडी आहे. मीटर थांबण्याच्या वेळेचेही पैसे धरतो. सगळे बिंदू साधारण सारख्याच उंचीने वर असतील, तर प्रत्येक फेरीत काहीतरी ठरावीक रक्कम जादा जाते आहे, जसं सामानाचं भाडं. आणि रोज ठरलेल्या एकाच रिक्षाने जात असाल आणि अंतर वाढेल तसे बिंदू रेषेपासून अधिकाधिक वर जात असतील, म्हणजे बिंदूंची स्वतःची रेषाच जास्त उभी असेल, तर मीटर तपासून घ्यायला हवा. बिल तिन्ही वेळा जास्तच आलं, पण जास्त येण्याची तऱ्हा वेगळी आणि म्हणून कारणही वेगळं. तक्त्यात हे तीन प्रकार वेगळे ओळखू येणं अवघड असतं.

दरपत्रकासारखी आधीच ठरलेली रेषा हाताशी नसेल तर पारदर्शक पट्टी बिंदूंच्या पुंजक्यावर ठेवा आणि फिरवत राहा. जितके बिंदू वर तितकेच खाली, आणि तेही रेषेच्या पूर्ण लांबीवर विखुरलेले, अशी जागा सापडली की रेषा ओढा. सुरुवातीचे सगळे वर आणि शेवटचे सगळे खाली पडत असतील तर पट्टी अजून फिरवायला हवी. मधले वर आणि दोन्ही टोकांचे खाली असतील, तर मात्र पट्टीचा दोष नाही. तिथे सरळ रेषा हा आकारच चुकीचा आहे, वक्र हवा.

शून्यापासून न निघणारी रेषा: विजेचं बिल

घरगुती वीजबिलात "स्थिर आकार" नावाची ओळ असते. एकही युनिट वापरलं नाही तरी ती रक्कम येते. त्यानंतर महाराष्ट्रात टप्पे लागतात: १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. दर बदलत राहतात, म्हणून इथे समजुतीसाठी सोपे आकडे घेऊ: स्थिर आकार १०० रुपये, पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये युनिट, पुढच्या २०० ना १० रुपये युनिट.

आलेख काढा. ० युनिटला १०० रुपये, म्हणजे रेषा आरंभबिंदूतून नाही तर उभ्या अक्षावर १०० पासून निघते. १०० युनिटला ६०० रुपये. ३०० युनिटला २६०० रुपये. १०० वर रेषा वळते आणि जास्त उभी होते.

अनेक घरांत मी एक समजूत ऐकली आहे: "शंभराच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळं बिल वरच्या दराने येतं." आलेख बघा. १०० युनिटला ६०० रुपये, १०१ युनिटला ६१० रुपये. रेषा मोडते, पण उडी मारत नाही. वरचा दर फक्त १०० च्या पुढच्या युनिटांना लागतो. समजूत खरी असती तर १०० पाशी रेषा तुटून एकदम वरून सुरू झाली असती. मोडलेली रेषा आणि तुटलेली रेषा यांतला हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण सूट, कर, दंड अशा पुष्कळ नियमांमध्ये नेमका हाच प्रश्न असतो.

तुमच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. जुनी बिलं जमवून युनिट आणि रक्कम यांचे बिंदू मांडा. वर्षाच्या मध्ये दर बदलले असतील तर बिंदूंचे दोन वेगळे माग दिसतील.

वाढवत गेलं की फायदा आटतो: वेग आणि वेळ

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला तेव्हा त्याची लांबी ९४.५ किमी होती. हे अंतर कायम धरून, सरासरी वेग आडव्या अक्षावर आणि लागणारा वेळ उभ्या अक्षावर घेऊ.

ताशी ४० ने गेलं तर सुमारे १४२ मिनिटं. ६० ने ९४ मिनिटं आणि वर थोडी. ८० ने ७१. १०० ने ५७. १२० ने ४७.

हे बिंदू पट्टीने जुळत नाहीत. वर उभी सुरू होणारी, मग उजवीकडे लवत लवत आडवी होत जाणारी वक्ररेषा येते. याला व्यस्त चलन म्हणतात: दोन्ही राशींचा गुणाकार कायम राहतो. अशी वक्ररेषा काढताना पट्टी बाजूला ठेवा, कागद फिरवून घ्या म्हणजे मनगट वळणाच्या आतल्या बाजूला येईल, आणि पेन्सिल न उचलता एका झोकात बिंदूंमधून न्या. आधी पेन्सिल न टेकवता हवेतच दोन-तीनदा हात फिरवून बघितला तर रेषा सफाईदार येते.

वाचा आता. ४० वरून ६० वर गेलात की ४७ मिनिटं वाचतात. ६० वरून ८० वर गेलात की २४. ८० वरून १०० वर १४. आणि १०० वरून १२० वर, म्हणजे मोटारींसाठीची सपाट भागातली ताशी १०० ची मर्यादा मोडून, फक्त ९ मिनिटं. दर वेळी वेग २० नेच वाढवला, पण मिळालेला वेळ आटत गेला. रेषेचा उजवीकडचा भाग जवळजवळ आडवा का दिसतो त्याचं कारण हे. घाईत असलेल्या माणसाला उपदेशापेक्षा ही वक्ररेषा दाखवावी असं मला मनापासून वाटतं. उभ्या अक्षावर १ सेमी = १० मिनिटं घेतलं, तर जीव धोक्यात घालून मिळणाऱ्या त्या नऊ मिनिटांची उंची कागदावर एका सेंटिमीटरपेक्षाही कमी भरते.

निवत जाणारं पाणी

हा प्रयोग घरी करण्यासारखा आहे. गरम पाण्याचा पेला, स्वयंपाकघरात वापरतात तो तापमापक आणि घड्याळ. वेळ आडवी, तापमान उभं. पहिली दहा मिनिटं दर दोन मिनिटांनी नोंद घ्या, मग पाच-पाच मिनिटांनी. खोलीचं तापमान आधीच मोजून ठेवा, ते महत्त्वाचं आहे.

आकार कसा येतो ते समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. खोली २८ अंश, पाणी ८४ अंश, म्हणजे फरक ५६. पंधरा मिनिटांत हा फरक निम्मा होतो असं धरा. मग १५ मिनिटांनी ५६ अंश, ३० मिनिटांनी ४२, ४५ मिनिटांनी ३५, तासाने साडेएकतीस. पाणी आणि खोली यांच्या तापमानातला फरक जितका मोठा तितकं निवणं जलद, हे न्यूटनने १७०१ मध्ये मांडलं. प्रत्यक्षात पेल्याचा आकार, वारा, वाफ यांमुळे थोडा फरक पडतो, पण रेषेचं वळण असंच येतं. २८ अंशांवर एक तुटक आडवी रेषा काढा. पाण्याची वक्ररेषा तिच्या जवळ जवळ येत राहते आणि तिच्या खाली जात नाही.

या आलेखात एक सापळा आहे आणि तो मुद्दाम अनुभवावा. फक्त पहिले दोन बिंदू घ्या, ० मिनिटं ८४ आणि १५ मिनिटं ५६, आणि पट्टीने रेषा पुढे वाढवा. ३० मिनिटांनी २८ अंश येतात. ४५ मिनिटांनी शून्य! म्हणजे ओट्यावर ठेवलेल्या पाण्याचा पाऊण तासात बर्फ झाला. मोजलेल्या बिंदूंच्या मधली किंमत रेषेवरून वाचणं बहुधा सुरक्षित असतं. बिंदूंच्या पलीकडे रेषा वाढवताना मात्र तिथेही तोच नियम चालतो का, हे आधी विचारावं लागतं. रिक्षाची रेषा २० किमीपर्यंत बिनधास्त वाढवा, कारण नियम आपल्याला माहीत आहे. सहा महिन्यांच्या बाळाच्या वजनाची रेषा मात्र दहा वर्षांपर्यंत वाढवू नका.

संबंध दिसतो, पण कारण?

पहिली ते सातवीच्या मुलांच्या पावलाची लांबी आडव्या अक्षावर आणि न अडखळता म्हणता येणाऱ्या पाढ्यांची संख्या उभ्या अक्षावर मांडली तर बिंदूंचा पुंजका वर चढत जाताना दिसेल. पाऊल मोठं म्हणून पाढे येतात असं कुणी म्हणणार नाही. दोन्हींच्या मागे वय आहे. इथे ते उघड आहे म्हणून आपण फसत नाही. आरोग्य, पिकं, औषधं, परीक्षेचे निकाल यांच्या आलेखांमध्ये ते मागचं कारण दडलेलं असतं. एकाच इयत्तेतल्या मुलांचे बिंदू वेगळ्या रंगाने मांडून बघितले आणि चढ नाहीसा झाला, की तिसरी राशी सापडली म्हणून समजा.

संगणकावर काढताना

एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये दोन राशींचा संबंध दाखवायचा असेल तर "स्कॅटर" प्रकार निवडा, "लाइन" नाही. नावावरून लाइन योग्य वाटतो, पण त्यात आडव्या अक्षावरचे आकडे अनेकदा नुसत्या नावांसारखे धरले जातात आणि सारख्या अंतरावर मांडले जातात. आपल्या रिक्षाच्या तक्त्यात ५ नंतर ८ आणि मग १० आहे. लाइन प्रकारात ५ ते ८ आणि ८ ते १० ही अंतरं सारखीच दिसतील आणि सरळ रेषा उगाच मोडलेली येईल.

दुसरं म्हणजे उभा अक्ष कुठून सुरू होतो ते तपासा. संगणक कधी कधी शून्याऐवजी सोयीच्या आकड्यापासून सुरुवात करतो. १६० ते १७५ एवढाच भाग दाखवला तर पाच रुपयांची वाढही कड्यासारखी दिसते. ताप मोजताना अक्ष ३५ अंशांपासून घेणं योग्यच आहे, शून्य तिथे निरर्थक आहे. पण जिथे शून्याला अर्थ आहे तिथे तो दाखवा, आणि वगळलात तर अक्षाच्या तळाशी नागमोडी खूण करून तसं उघड सांगा.

शेवटचं आणि सर्वात सुंदर उदाहरण: आगगाडीचा आलेख

रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांची वाहतूक आलेखावर बघितली जाते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. प्रत्येक स्थानकासाठी त्याच्या अंतरावर एक आडवी रेषा आखलेली. गाडी म्हणजे या आडव्या रेषांवरून जाणारी तिरकी रेषा.

वरच्या सगळ्या गोष्टी इथे एकत्र येतात. चढ म्हणजे वेग: जलद गाडीची रेषा उभी, पॅसेंजरची कललेली. रेषा आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे, वेळ जातो आहे पण अंतर नाही. मुंबईहून येणाऱ्या गाड्या एका दिशेने कललेल्या, मुंबईकडे जाणाऱ्या उलट दिशेने. आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे दोन गाड्या एकाच वेळी एकाच ठिकाणी आहेत.

दुहेरी मार्गावर हा छेद कुठेही चालतो. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किमीचा कोकण रेल्वेचा मार्ग मात्र रोहा ते वीर हा तुकडा सोडला तर जवळजवळ सगळा एकेरी आहे. तिथे समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेषा फक्त स्थानकाच्या आडव्या रेषेवरच छेदल्या पाहिजेत, कारण दुसरा रूळ तिथेच आहे. म्हणून एक गाडी आधी येऊन थांबते, म्हणजे तिची रेषा थोडी आडवी होते, आणि त्या आडव्या तुकड्यावरून दुसरीची रेषा निघून जाते. संगमेश्वरला किंवा विलवड्याला गाडी "क्रॉसिंगला" थांबली असं आपण म्हणतो, ते हेच.

पावसाळ्यात कोकण रेल्वेवर वेगळं वेळापत्रक लागतं. दरडींचा धोका असल्याने गाड्या हळू चालवतात. आलेखावर बघा काय होतं: सगळ्या रेषांचा चढ कमी होतो. चढ बदलला की छेदबिंदू सरकतात. उन्हाळ्यात जे क्रॉसिंग बरोबर स्थानकावर पडत होतं ते आता दोन स्थानकांच्या मध्ये पडेल, आणि तिथे तर दुसरा रूळच नाही. त्यामुळे नुसते "सगळ्या गाड्यांना थोडा उशीर" असं करून चालत नाही. कोणती गाडी कुठे थांबणार हे नव्याने बसवावं लागतं.

हे स्वतः करून बघा. वेळापत्रकातून खेड ते कुडाळ या टप्प्यातली समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांची स्थानकं, अंतरं आणि वेळा उतरवून घ्या. येण्याची आणि सुटण्याची वेळ दोन्ही घ्या, नाहीतर थांबा दिसणार नाही. स्थानकांच्या रेषा समान अंतरावर न आखता खऱ्या किलोमीटरच्या प्रमाणात आखा. आडव्या अक्षावर १ सेमी = ३० मिनिटं घेतलं तर दोन मिनिटांचा थांबा एका बारीक घराहूनही लहान येतो, म्हणून १ सेमी = १० मिनिटं घ्या आणि लागतील तेवढे कागद आडवे चिकटवा. दोन्ही रेषा काढून झाल्या की छेदबिंदू शोधा आणि तो कोणत्या स्थानकाजवळ येतो ते बघा. लहान स्थानकांवरचे क्रॉसिंगचे थांबे प्रवाशांच्या वेळापत्रकात छापलेले नसतात, पण कोणती रेषा दोन स्थानकांच्या मध्ये कारण नसताना कललेली दिसते यावरून कोणती गाडी वाटेत थांबवली जाते याचा अंदाज बांधता येतो.